मोटारीचे छत लोंबते तेव्हा

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीत बसल्यावर तुमच्या डोक्याला कधी वरून मऊ कापड लागले आहे काय? गाडी वेगात निघाली आणि खिडकीतून वारा शिरला, की हे कापड शिडासारखे फुगते व फडफडते. मागे बसलेल्या मुलांना त्याची गंमत वाटते. गाडी चालवणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण मागचा रस्ता दाखवणारा आरसा कापडाआड जातो आणि वळणावर मान वळवून पाहावे तर डोळ्यांपुढे पडदा येतो. मग ती गंमत राहत नाही, धोका होतो.

छताला आतून लावलेल्या या कापडाला गॅरेजमध्ये ‘रूफ लायनिंग’ म्हणतात. आपण त्याला छताचे अस्तर म्हणू. ते लोंबू लागले की मालक बहुधा एकच निदान करतात, “गोंद सुटला!” मग फवारायच्या गोंदाचा डबा येतो. कापड जरा उचकटून मागे गोंद फवारला जातो आणि कापड हाताने दाबून बसवले जाते. संध्याकाळी छत झकास दिसते. पण चार-आठ दिवसांनी, एखाद्या रणरणत्या दुपारी, कापड पुन्हा खाली येते, आणि या वेळी त्यावर गोंदाचे डागही पडलेले असतात. दुसऱ्या कंपनीचा गोंद आणला तरी तीच गत होते.

विद्यार्थी मित्रांनो, रोगाचे निदान चुकले तर औषध कितीही भारी असले तरी गुण येत नाही. इथे निदान कोठे चुकले, ते आपण शोधून काढू या.

तांदळाच्या दाण्याचे ओझे

प्रथम थोडा हिशेब करू. अस्तराचे कापड आणि त्यामागचा पातळ स्पंज यांचे वजन एका चौरस मीटरला २५० ग्रॅम धरू. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. म्हणजे एका चौरस सेंटिमीटर गोंदावर पडणारे ओझे २५० ÷ १०,००० = ०.०२५ ग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण एवढेच असते!

बोटाच्या नखाएवढ्या जागेने तांदळाचा एक दाणा उचलून धरायचा, एवढेच काम आहे. अगदी साधा गोंदही ते हसत करील. मग छत पडते कसे? याचा अर्थ उघड आहे. जिथे कापड सुटले तिथे जोड नुसता कमकुवत झालेला नाही. तिथे धरून ठेवणारे असे काही उरलेलेच नाही.

छताचे थर

आता छताचे थर वरून खाली पाहू. सर्वांत वर गाडीचा पत्रा. त्याखाली थोडी मोकळी जागा. मग साच्यात दाबून छताच्या आकाराचा केलेला एक हलका फळा. तो दाबलेल्या तंतूंचा, पुठ्ठ्याचा किंवा काचतंतूंचा असतो. फळ्याखाली गोंद, गोंदाखाली सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा स्पंज आणि शेवटी आपल्याला दिसणारे कापड. बाजारात या स्पंजाला ‘फोम’ म्हणतात.

कापड आणि फोम कारखान्यातूनच एकमेकांना जोडून येतात. फोमचा पृष्ठभाग ज्योतीवर क्षणभर वितळवतात आणि लगेच त्यावर कापड दाबतात. वितळलेला फोमच तिथे गोंदाचे काम करतो.

फोम कशासाठी हवा? तो फळ्याचा खडबडीतपणा लपवतो, आवाज थोडा शोषून घेतो, हाताला मऊ लागतो आणि गोंद कापडातून झिरपू देत नाही.

सर्वच गाड्यांत ही रचना नसते. फोक्सवॅगन कंपनीच्या जुन्या ‘बीटल’ गाडीत अस्तर पोलादी कमानींवर ताणून बसवलेले असे. कापडाच्या पाठीवर शिवलेल्या नेफ्यांतून या कमानी ओवत आणि कडा तेवढ्या चिकटवत. असे अस्तर बसवायला कुशल हात आणि वेळ लागे. तयार फळा मात्र कारखान्यात गाडीत सरळ आत सरकवून बसवता येतो. वेळ वाचला, पण त्याबरोबर फोमचा एक नाजूक थरही आला.

तुटले कोठे?

लोंबणारे कापड एका कोपऱ्यात हलकेच ओढून त्याची पाठ पाहा. मग फळ्याकडे पाहा. दोन्हीकडे पिवळसर-तपकिरी भुकटी दिसेल. बोटावर घेतली तर ती कधी कोरड्या पिठासारखी, तर कधी किंचित चिकट लागते. हाच आपला साक्षीदार!

फळ्यावर गोंद अजून घट्ट बसलेला आहे आणि त्याला फोमचा एक पापुद्रा चिकटून आहे. कापडाच्या पाठीलाही फोमचा दुसरा पापुद्रा तसाच चिकटून आहे. म्हणजे दोन्ही जोड शाबूत आहेत. तुटला तो मधला फोम, आपल्याच पोटातून.

पदार्थविज्ञानात यासाठी दोन शब्द आहेत. दोन वेगळ्या पदार्थांच्या रेणूंमधील ओढीला आसंजन म्हणतात, तर एकाच पदार्थाच्या रेणूंमधील ओढीला संसंजन. आपल्या छतात आसंजन टिकले आणि फोमचे संसंजन संपले. साखळीच्या दोन्ही टोकांच्या कड्या मजबूत असून मधलीच गंजली, असा हा प्रकार आहे. आता भुकटीवर कितीही उत्तम गोंद फवारला तरी तो भुकटीला चिकटतो आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते!

पाण्याने घडवले, पाण्यानेच मोडले

हा फोम पॉलियुरेथेन नावाच्या बहुवारिकाचा असतो. बहुवारिक म्हणजे लहान रेणू मण्यांसारखे ओवून झालेली लांबच लांब माळ. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे लावला. त्याचे मऊ फोम १९५० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि गाद्या, खुर्च्या व मोटारी यांत शिरले.

फोम फुगतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. आयसोसायनेट आणि पॉलिऑल या दोन द्रवांची एकमेकांशी क्रिया होऊन माळा बनतात. त्याच वेळी मिश्रणात थोडे पाणी असते. आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. आंबवलेल्या इडलीच्या पिठात बुडबुडे येतात तसे या मिश्रणात येतात आणि ते फुगलेल्या अवस्थेतच घट्ट होते. अशा रीतीने फोमच्या जन्माला पाणी कारण होते.

पुढे त्याच्या ऱ्हासालाही पाणीच हातभार लावते. काही फोमच्या माळांत एस्टर नावाचे रासायनिक बंध असतात. हवेतील बाष्प फोममध्ये शिरते आणि हे बंध एकेक करून तोडते. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. बंध तुटताना आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढचे बंध तुटण्याचा वेग आणखी वाढवते. दुसऱ्या प्रकारच्या फोममध्ये एस्टरऐवजी ईथर बंध असतात. ते पाण्याला सहसा दाद देत नाहीत, पण प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यापुढे हार खातात. फोम कोणत्याही जातीचा असो, लांब माळांचे तुकडे तुकडे झाले की लवचीकपणा जातो आणि भुकटी उरते.

फोमच्या पातळपणाचाही यात वाटा आहे. असंख्य बुडबुड्यांच्या बारीक भिंतींमुळे त्याचा फार मोठा पृष्ठभाग हवेला मिळतो. पॉलियुरेथेनचा भरीव ठोकळा पृष्ठभागावर झिजेल, पण फोमला बाष्प आणि ऑक्सिजन आतून-बाहेरून सगळीकडून गाठतात.

बंद गाडी म्हणजे भट्टी

या सर्व क्रियांना उष्णता वेग देते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात उन्हाळ्यात उभ्या केलेल्या गाड्यांची तापमाने मोजण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उन्हात एक तास उभ्या असलेल्या गाड्यांतील हवा सरासरी सुमारे ४७ अंश सेल्सिअस तापमानाला पोहोचली, तर डॅशबोर्ड सुमारे ६९ अंशांपर्यंत तापला. छताचे अस्तर तर तापलेल्या पत्र्याच्या लगतच असते.

रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे : तापमान १० अंशांनी वाढले, की अनेक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ३० अंशांना जी क्रिया चालते ती ५० अंशांना सुमारे चौपट वेगाने चालेल. म्हणून रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे छत सावलीत राहणाऱ्या गाडीच्या आधी लोंबते. झाडाची सावली किंवा साधे पत्र्याचे छप्परही अस्तराचे आयुष्य वाढवते.

एकदा सुटले की सुटतच जाते

अस्तर एका बाजूने सुटले की पोकळी भराभर वाढते. याचे कारण समजण्यासाठी चिकटपट्टीचा एक तुकडा काचेवर लावा. तिच्या संपूर्ण पृष्ठभागाला एकदम सरळ वर ओढून काढता येईल काय? फार कठीण. आता तिचे एक टोक उचलून मागे वळवा आणि ओढा. ती सहज निघते. पहिल्या प्रकारात तुमचे बल साऱ्या पृष्ठभागावर वाटले जाते. दुसऱ्या प्रकारात ते सगळे सुटणाऱ्या बारीक रेषेवर एकवटते. याला सोलणे म्हणू. अस्तराचा फुगा झाला की त्याच्या कडेने असेच सोलणे सुरू होते. शिवाय धावत्या गाडीतला वारा कापडाला हिसके देतच असतो.

यावरून तात्पुरत्या उपायांची मर्यादाही कळते. काही जण फळ्यात टाचण्या किंवा मळसूत्री पिना खोचतात. कापड तेवढ्या बिंदूंवर धरले जाते, पण दोन पिनांच्या मध्ये ते पुन्हा लोंबते. शिवाय अपघातात किंवा मोठ्या खड्ड्यात डोके छतावर आदळले तर तीच पिन इजा करते. म्हणजे आरसा मोकळा झाला, पण धोका डोक्यावर आला.

पंक्चरवाल्याचा धडा

सायकलचे पंक्चर काढताना तुम्ही पाहिले असेल. पंक्चरवाला ट्यूबवर सोल्युशन लगेच लावत नाही. आधी तो ती जागा घासून स्वच्छ करतो. मग सोल्युशन पसरतो आणि चक्क थांबतो. ते ओलसर न दिसता नुसते चिकट झाले, की मगच ठिगळ दाबतो.

छताच्या दुरुस्तीचे सारे शास्त्र या दोन गोष्टींत आहे : मेलेला थर संपूर्ण काढायचा आणि गोंद सुकण्याची वाट पाहायची. चपलेचा तळ चिकटवणारे कारागीर जे पिवळसर, उग्र वासाचे रबरी सोल्युशन वापरतात, त्याच जातीचे पण अधिक उष्णता सोसणारे सोल्युशन इथे लागते. त्यात बहुधा पॉलिक्लोरोप्रीन, म्हणजेच निओप्रीन, हे कृत्रिम रबर असते. ते १९३० मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले. हे रबर विद्रावकात विरघळवलेले असते. दोन्ही पृष्ठभागांना ते लावून विद्रावक उडू दिला, तर उरलेले रबराचे दोन पातळ थर एकमेकांना भेटताच एकजीव होतात. घाई केली तर विद्रावक आत कोंडला जातो, पुढे उन्हात त्याची वाफ होते आणि कापडाला फोड येतात. घरातील पांढरा गोंद इथे कामाचा नाही; तो तापला की मऊ पडतो.

दुरुस्तीची रीत

हे काम पाहायचे असेल तर गाड्यांची सीट कव्हरे शिवणाऱ्या कारागिराकडे जा. त्याचा क्रम साधारण असा असतो.

प्रथम तो बॅटरीची तार सोडवतो. मग छतातील दिवा, उन्हाच्या झडपा, धरायच्या मुठी आणि कडेच्या पट्ट्या काढतो. फळा मोकळा झाला की दोघे जण तो न वाकवता बाहेर काढतात, कारण जुना फळा मध्ये मोडला तर त्याची घडी नव्या कापडातूनही दिसते.

फळा सावलीत टेबलावर पालथा ठेवतात, म्हणजे त्याची आतली बाजू वर येते. जुने कापड सोलून काढले की खरे काम सुरू होते. राठ केसांच्या ब्रशाने फोमचा कणन् कण झाडायचा. हे कंटाळवाणे काम आहे. पण दुरुस्ती टिकणार की पडणार, याचा निकाल इथेच लागतो. हात फिरवल्यावर बोटाला भुकटी लागली तर अजून झाडायचे.

मग फोम लावलेले नवे कापड फळ्यावर पसरून त्याचा अर्धा भाग मागे दुमडतात. फळ्याच्या उघड्या अर्ध्या भागाला आणि फोमला सोल्युशनचा पातळ, सारखा थर देतात. ते बोटाला चिकटल्यासारखे लागले, पण बोटावर आले नाही, म्हणजे वेळ झाली. आता मधून कडेकडे तळहाताने कापड बसवत जायचे. नंतर दुसरा अर्धा भाग.

खोलगट जागी कारागिराची परीक्षा होते. कापड दोन उंचवट्यांवर ताणून मग मधल्या खळग्यात दाबले, तर ते पुन्हा सरळ होऊ पाहते आणि रात्रंदिवस गोंदाला ओढत राहते. म्हणून आधी खळग्यात कापड बसवायचे आणि मग बाहेर सरकायचे. ओझे तांदळाच्या दाण्याएवढे असले तरी हा ताण त्याच्या कितीतरी पट असू शकतो.

शेवटी दोन-तीन सेंटिमीटर कापड कडेला जादा ठेवून ते फळ्याच्या मागे वळवून चिकटवतात, दिव्याची भोके कापतात आणि एक दिवस सुकू देऊन फळा पुन्हा बसवतात.

हे मात्र विसरू नका

हे काम मुलांनी एकट्याने करण्यासारखे नाही. सोल्युशनमधील विद्रावकाची वाफ पटकन पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही भडकू शकते. श्वासावाटे गेली तर डोके दुखते, गरगरते. म्हणून बंद गाडीत बसून सोल्युशन कधीही लावू नये. फोम झाडताना नाकावर मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा हवा. आणखी एक गोष्ट : १९९८ च्या सुमारास काही गाड्यांत छताच्या कडेला अपघातात पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या येऊ लागल्या आणि पुढे त्या अनेक गाड्यांत आल्या. अशा गाडीच्या छताला जाणकाराशिवाय हात लावू नये. कडेच्या पट्टीमागे ती पिशवी घडी घालून ठेवलेली असते, आणि ती चुकीच्या वेळी उघडणे किंवा योग्य वेळी न उघडणे दोन्ही घातक.

हा फोम आणखी कोठे आहे?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मोटारच नाही! पण पॉलियुरेथेन तुमच्या घरात नक्की असेल. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचे तळ एखाद्या पावसाळ्यानंतर हातातच भुगा होतात ना? अनेकदा तेही जलीय विच्छेदनच असते. जुन्या ध्वनिक्षेपकांच्या कडेची फोमची कडी अशीच झडते.

कधी यात माणसाच्या श्वासाचाही प्रश्न येतो. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांना रात्रभर हवा पुरवणारी यंत्रे असतात. त्यांचा आवाज कमी करण्यासाठी काही यंत्रांत एस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम बसवलेला होता. तो झिजून त्याचे कण व वायू रुग्णाच्या श्वासात जाऊ शकतात असे आढळल्यावर, जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने अशी लाखो यंत्रे परत मागवली. छतात ज्या क्रियेने आरसा झाकला जातो, तीच क्रिया इथे थेट फुप्फुसाशी येऊन पोहोचली. पदार्थ निवडताना तो आज कसा आहे एवढेच पाहून चालत नाही. दहा-वीस वर्षांनी, उष्णतेत आणि दमट हवेत, त्याचे काय होईल हेही अभियंत्याला पाहावे लागते.

करून पाहा

१. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. पुठ्ठ्यावर एके ठिकाणी खडूची भुकटी जाडसर पसरा. एक पट्टी गोंद लावून स्वच्छ जागी आणि दुसरी तशीच भुकटीवर चिकटवा. पुरत्या वाळल्यावर दोन्ही ओढा. कोणती सहज निघते? निघालेल्या पट्टीच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यावर काय दिसते? जोड कोठे तुटला ते लिहा.

२. गादीवाल्याकडून फोमचा जुन्या कापणीतला तुकडा मागून आणा. त्याचा अर्धा भाग चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि तुकडा उन्हाच्या खिडकीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी दोन्ही भागांचा रंग ताडून पाहा. उघड्या भागावर पिवळेपणा कधी दिसू लागला, दोन-तीन महिन्यांनी तो बोटाने चोळल्यावर काय होते, याची तारखेसह नोंद ठेवा. तसाच एक तुकडा अंधाऱ्या कपाटात ठेवायला विसरू नका, म्हणजे तुलना करता येईल.

आणि पुढच्या वेळी घरात काही सुटले, तुटले किंवा निखळले, तर गोंदाची बाटली उघडण्याआधी दोन्ही तुटलेले पृष्ठभाग उजेडात धरून पाहा. कोणता थर हरला, ते तिथेच लिहिलेले असते.